नमुना क्रमांक सात

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, पुण्याच्या बहिणीच्याही नाही – आणि तिला तर मी भाजीत मीठ जास्त झालं तरी फोन करून सांगते. एकदा झोपेच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेले होते, तेव्हा ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी विचारलं, "कोई टेन्शन?" मी म्हटलं, "नहीं, बस दिल्ली की हवा." त्यांनी गोळी लिहून दिली आणि मी ती घेऊन घरी आले. मग तुम्हालाच का सांगते आहे? खरंच माहीत नाही. तुम्ही मधे बोलणार नाही, एवढं मात्र नक्की.

मी गुरुग्रामच्या टोकाला एका खासगी विद्यापीठात संवादशास्त्र शिकवते. नातेवाईक विचारतात, "म्हणजे बोलायलाच शिकवतेस ना? त्यात काय शिकवायचं?" सुरुवातीला राग यायचा, आता हसून सोडून देते. आमच्या विभागात बरेच जण हा विषय फळ्यावरच शिकवत – इकडे बोलणारा, तिकडे ऐकणारा, मधे बाण. मला त्या बाणांचा मनापासून वीट आला होता. काठावर बसून कुणाला पोहता आलंय का? पोरांना बोलायला लावा, चुकायला लावा, घाम फुटू द्या – हे माझं म्हणणं. त्यापायी भांडून भांडून मी एक प्रात्यक्षिक परीक्षा सुरू करून घेतली. ती माझी. तिचं कौतुकही माझं झालं, म्हणून हे आधी सांगते आहे.

परीक्षा अशी. विभागात एक छोटी खोली, टेबल, त्यावर एक फोन. तो कॉम्प्युटरला जोडलेला, म्हणजे येणारा प्रत्येक कॉल आपोआप साठवला जातो. विद्यार्थ्याला दहा मिनिटं आधी एक चिठ्ठी मिळते – कुठे आग, कुठे अपघात, कुठे पुराचं पाणी. आवारात जिथे जागा सापडेल तिथून त्यानं आपल्या मोबाइलवरून मला फोन करायचा. मी मदत कक्षातली बाई. काय झालं, कुठे झालं, किती माणसं अडकलीत, काय हवंय – घाबरलेल्या आवाजात, पण नीट समजेल असं सांगायचं. तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की मी म्हणायचं, "आपका समय समाप्त हुआ, धन्यवाद," आणि फोन ठेवायचा. मागे गोंगाट ऐकू आला तर एक गुण कमी. चिठ्ठीतला विषय सोडला तर दोन. त्यामुळे परीक्षेच्या दिवशी पोरं शांत जागा शोधत आवारभर मांजरासारखी फिरायची.

आणि एक नियम होता, तो मी नंतर घातला. भूमिकेतून बाहेर यायचं नाही.

त्याचं कारण सांगायला हवं. आदल्या वर्षी एका विद्यार्थ्यानं फोन केला आणि मधेच आवाज पाडून म्हणाला, "मॅम, ये प्रैक्टिकल नहीं है. मेरे रूममेट ने कुछ खा लिया है." मी काय केलं असेल? पायांत चपला न घालता तिसऱ्या मजल्यावरून खाली धावले. गार्डला ओरडले, ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्टेलच्या दारात तो उभा – मोबाइल कानाला लावलेला, हसू आवरत नव्हतं. वर पुन्हा वाद घातला की आपण तुम्हाला पटवलं, म्हणजे पूर्ण गुण द्यायला हवेत. त्याचं चूक होतं का? द्यावे लागले. महिनाभर विभागात चहाबरोबर तीच गोष्ट चघळली गेली. मी अनवाणी कशी धावले याची एका सहकाऱ्यानं नक्कल बसवली होती. मीही हसले. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि मी तर भलतीच मानी बाई. "ये प्रैक्टिकल नहीं है" हे वाक्य जो म्हणेल त्याचे पाच गुण कमी, असा नियम मी त्या वर्षी लिहून भिंतीवर लावला.

आता सायली. सायलीचे वडील फौजेत सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. पोरगी वाढली छावण्यांमध्ये – कधी अंबाला, कधी जोधपूर, शेवटी दिल्ली कँट. वर्गात तिसऱ्या रांगेत बसायची, दम्याचा पंप बाकावर ठेवून. आवाज असा की ऐकत राहावा. तिला रेडिओवर जायचं होतं. आडनावावरून ती मराठी हे मला कळलं होतं आणि मी मराठी हे तिलाही, पण दोघीही कधी मराठी बोललो नाही. वर्गात मी हिंदी-इंग्रजीच बोलते. ओळख दाखवली की सवलती मागतात, असा माझा एक शहाणपणा होता.

तिची वेळ चार वाजून दहा मिनिटांची होती. जानेवारीतला शनिवार, बाहेर धुरकट उजेड, खोलीत हीटर. तिची चिठ्ठी होती उंच इमारतीतल्या आगीची. फोन वेळेवर आला. ती हिंदीत म्हणाली की ती लिफ्टमध्ये अडकली आहे. नव्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मधे. दार चार बोटं उघडून अडकलंय, समोर भिंत आहे. पंप बॅगेत राहिलाय, बॅग वर्गात आहे. आणि तिच्या मागे – हे आवर्जून सांगते – लिफ्टमधली ध्वनिमुद्रित बाई बोलत होती. "कृपया दरवाजा बंद करें." थोडं थांबून पुन्हा, "कृपया दरवाजा बंद करें." तशाच गोड आवाजात, तितक्याच शांतपणे. मला काय वाटलं माहीत आहे? वाटलं, वा, काय तयारी केली आहे पोरीनं!

मग ती म्हणाली, "मॅम, ये प्रैक्टिकल नहीं है."

मी कागदावर पाच गुण कापले.

दोन मिनिटांपर्यंत हे असं चाललं. मी ठरलेले प्रश्न विचारत होते – किती लोक आहेत, जागेची खूण काय, काय हवंय. ती उत्तरं देत होती. नीट देत होती हो. खोकत, थांबत, पण नीट. मी शिकवलं होतं तशी.

तो नवा ब्लॉक माझ्या खोलीपासून फार तर दीडशे पावलांवर. अजून वापरात आला नव्हता, दाराला दोरी बांधलेली, आत जायला मनाई. ती का गेली? शांत जागा हवी होती म्हणून. एक गुण जाऊ नये म्हणून. लिफ्टमधली धोक्याची घंटा अजून जोडलेली नव्हती. तिच्या फोनची बॅटरी संपत आली होती, माझा नंबर आधीच लावून ठेवलेला होता, आणि मॅम जवळच आहेत हे तिला माहीत होतं. तुम्ही असता तर कुणाला फोन केला असता?

संध्याकाळी गार्ड फेरीला गेला तेव्हा साडेसात वाजले होते. त्यालाही आधी लिफ्टमधली बाईच ऐकू आली. सायली खाली कोपऱ्यात बसलेली सापडली, ओठ निळे पडलेले. जगली ती – हे सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होती.

चौकशी झाली. कुलसचिवांच्या खोलीत लांब टेबल, एका बाजूला आम्ही, एका बाजूला सायली आणि तिचे वडील. वडील पूर्ण गणवेशात आले होते, टोपी मांडीवर. सायलीनं घोगऱ्या आवाजात सांगितलं की मी मॅमना फोन केला, सगळं सांगितलं, मॅमनी फोन ठेवला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले – किती सहज म्हणाले! – की हो, फोन आला होता. पण तिनं आगीचा प्रसंग केला, चिठ्ठीत होता तो. लिफ्टचा उल्लेखही नाही. ध्वनिमुद्रण? त्या दिवशी मशीन बिघडलं होतं. आणि मग, कुणी विचारलं नसताना, मायेनं ओथंबलेली पुस्ती जोडली – श्वास कमी पडला की माणसाला भास होतात, बिचारीला तसं वाटलं असेल, तिला बोल लावू नका. बोलण्याची कला मी उगाच शिकवत नाही.

कुलसचिवांना ही पडत्या फळाची आज्ञाच झाली. मनाई असलेल्या इमारतीत गेली, आता अंगावर येईल म्हणून बाईंवर ढकलते आहे – असं ठरलं. सायली वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, मी खरं बोलतेय." वडील म्हणाले, "मॅडम कशाला खोटं बोलतील?" त्यांनी तिथेच तिच्याकडून माफीनामा लिहून घेतला. ती लिहीत होती तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होते. तिनं पुन्हा एकदाही वर पाहिलं नाही. महिन्याभरात तिनं विद्यापीठ सोडलं.

इथपर्यंत मी स्वतःलाही अनेकदा सांगितलंय. गफलत झाली, मग घाबरून खोटं बोलले, नोकरी गेली असती, घराचे हप्ते होते – माणूस आहे. पण तुमच्या लक्षात आलं असेल, मी दोनच मिनिटांचं सांगितलं. तिसरं राहिलं.

तिसऱ्या मिनिटाला सायली हिंदी बोलायची थांबली. आणि मराठीत म्हणाली, "मॅडम, तुम्ही मराठी आहात ना? मला माहितीय. मला साँस घेता येत नाहीये. खूप भीती वाटतेय हो. बाबांना सांगा ना."

साँस. श्वास हा शब्द तिच्याकडे नव्हता. इकडे उत्तरेत वाढलेल्या आमच्या मुलांचे असे किती शब्द गळून जातात. पण मला सांगा, हिंदी-इंग्रजीत गुण मिळणाऱ्या परीक्षेत कुणी मराठीत नाटक करतं का? आणि तेही असं मोडकं, घरातलं?

मला कळलं. हेच ते. माझी गफलत झाली नव्हती. त्या क्षणी मला लख्ख कळलं की पोरगी खरंच अडकली आहे. आणि त्याच क्षणी मला माझे अनवाणी पाय दिसले, तो हसणारा पोरगा दिसला, नक्कल करणारा सहकारी दिसला. वाटलं – आणि नसेल तर? पुन्हा हसं झालं तर? एवढंच. एका पोरीचा श्वास एका बाजूला आणि माझं हसं दुसऱ्या बाजूला, आणि मी घड्याळाकडे पाहिलं. अकरा सेकंद बाकी होते. ते अकरा सेकंद कुणीच बोललं नाही. मागची बाई तेवढी दार बंद करायला सांगत होती.

मग मी म्हणाले, "आपका समय समाप्त हुआ, धन्यवाद." हिंदीत. तिला मराठीत उत्तरसुद्धा दिलं नाही.

पुढचा फोन चार पंधराला आला. तो घेतला. त्यानंतरचे नऊ घेतले. साडेपाचला खोलीला कुलूप लावून गाडीकडे निघाले. वाटेत तो नवा ब्लॉक उजव्या हाताला लागतो. मी मोबाइलमध्ये डोकं घालून चालले. काही ऐकू येईल म्हणून गाडीत बसल्या बसल्या काचा वर केल्या.

आता ध्वनिमुद्रणाचं. मशीन बिघडलेलं नव्हतंच, हे तुम्ही ओळखलं असेल. कॉल पुसून टाकायचा तर तांत्रिक विभागातल्या माणसाला बोलवावं लागतं, त्याच्या वहीत नोंद होते. नाव बदलणं मात्र माझ्या हातात होतं. मी जुन्या तुकड्यांचे सहा चांगले कॉल नमुने म्हणून वेगळे ठेवले होते. त्यात हा टाकला. तारीख काढली, नाव काढलं, लिहिलं – नमुना क्रमांक सात. नमुन्यांमध्ये चौकशी कोण करणार? आणि खरंच कुणी केली नाही.

दुसऱ्या वर्षी एक नवी सहकारी आली, लखनौची, कामसू पोरगी. तिनं नमुने उघडले. धावतच माझ्याकडे आली, डोळे मोठे करून. "मॅम, ये नंबर सात कौन है? मेरे तो रोंगटे खड़े हो गए!" मी म्हणाले, "पुरानी स्टूडेंट थी. कमाल की ऐक्टिंग." हे माझं दुसरं खोटं, आणि ते पहिल्यापेक्षा जास्त चाललं.

कारण आता ते शिकवलं जातं. दर वर्षी. ती सहकारी वर्गात दिवे मंद करून नंबर सात लावते आणि मुद्दे सांगते – बघा, जागेची खूण किती नेमकी. बघा, घाबरला की माणूस मातृभाषेत जातो, किती बारीक निरीक्षण! पोरांनी तो कॉल आपापल्या फोनवर घेतलाय. परीक्षेच्या आठवड्यात मी व्हरांड्यातून जाते तेव्हा एका दारामागून सायलीचा खोकला येतो, दुसऱ्यामागून तिचं थांबणं. जिन्याखाली रोहतकची एक मुलगी भिंतीकडे तोंड करून म्हणत असते, "मला साँस घेता येत नाहीये." दरभंग्याचा एक पोरगा आरशासमोर, "बाबांना सांगा ना." अर्थ दोघांनाही ठाऊक नाही. पण सूर – सूर हुबेहूब. त्यांनी कान देऊन ऐकलंय तिला. मी नाही ऐकलं.

मग परीक्षा येते आणि मी त्या खोलीत बसते. फोन वाजतो. दहा-बारा पोरं तरी हटकून तिथे पोचतात – शेवटच्या मिनिटाला, मराठीत. काही जण तर ते अकरा सेकंदही सोडतात. प्रत्येक वेळी मी घड्याळ बघते. प्रत्येक वेळी तेच म्हणते आणि फोन ठेवते. दहापैकी नऊ देते. आमच्याकडे कुणालाच पूर्ण गुण देत नाहीत.

गेल्या वर्षी एक कॉल आला, त्या वेळेला यादीत नाव नव्हतं. पलीकडे कुणी बोललं नाही. लिफ्टमधली बाई तेवढी. असेल कुणी सराव करताना चुकून नंबर लावलेला, दुसरं काय असणार? मी दोन-तीनदा यादी पाहिली. तीन मिनिटं झाली, चार झाली. माझ्याच्यानं ते वाक्य म्हणवेना, फोनही ठेववेना. शेवटी पलीकडून ठेवला गेला. कॉम्प्युटरवर तो साठवला गेलाय. मी लावून पाहिलेला नाही.

हे सगळं अंगवळणी पडलं असतं कदाचित. माणसाला कशाचीही सवय होते. पण या जानेवारीत आमच्या मंडळाची बस पानिपतला गेली. दिल्लीतले मराठी लोक दर वर्षी जातात, काला अंबला, लढाईच्या स्मारकावर फुलं वाहायला. धुकं होतं, ऊन नुसतं नावाला. मी थर्मासमधला चहा ओतत होते, तेवढ्यात मागून कुणी म्हणालं, "मॅडम, ओळखलंत का?"

सायलीचे वडील. आता निवृत्त, केस पांढरे झालेले, पाठ मात्र तशीच ताठ. माझ्या हातून चहा सांडला, तर त्यांनीच खिशातला रुमाल काढून दिला. म्हणाले, बरं झालं भेटलात, कधीचं मनात होतं. सायली एका शाळेच्या ऑफिसात आहे, बरं चाललंय. बोलते कमी. फोन तेवढा कुणाचा उचलत नाही – माझाही नाही, मेसेज करावा लागतो. मग म्हणाले, "मॅडम, तेव्हा पोरीनं तुमच्यावर नसता आळ घेतला. घरी गेल्यावर मी हात उचलला तिच्यावर. जन्मात एकदाच. तेवढ्यानं नाही भागत, माहितीय मला. कागदावर माफी लिहून घेतली, पण समोरासमोर मागायची राहून गेली."

बोलायला मला जागा होती. वेळ होता. आजूबाजूला कुणी नव्हतं, कसली परीक्षा नव्हती, आणि समोर एक माणूस होता ज्याला चार वाक्यांत त्याची मुलगी परत देता आली असती. मी तोंड उघडलंही.

त्यांनी वळून हाक मारली. "सायले, ये इकडं. मॅडम आहेत."

ती आईजवळून उठून आली. बारीक झाली आहे. माझ्यापासून दोन हातांवर थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता बोलेल. बोलावं, असंही वाटलं. वडील म्हणाले, "पाया पड." ती वाकली. एका मुठीत पंप होता, म्हणून दुसऱ्या हातानंच तिनं माझ्या पायांना हात लावला – हळूच, गरम भांड्याला लावावा तसा.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा," म्हटलं. मराठीत. वडिलांना म्हटलं, "असू द्या हो, लहान होती. मी काही मनात ठेवलेलं नाही." त्यांचे डोळे भरून आले. ती सरळ झाली आणि आईकडे परत गेली.

असं मी तिला माफ केलं.